पाणी सोडणाऱ्याची छत्री

कावेरीचं पाणी आमच्या पाटाला आलं की कोणाच्या शेतात कधी सोडायचं, ते पाणी सोडणाराच ठरवतो. त्याची छत्री सदा काखेत, पण पावसातही उघडत नाही. पाणी पायाच्या अंगठ्यानं मोजतो आणि सगळं दोनदा बोलतो.

पाणी यायच्या आधी घरटी एकानं पाटातला गाळ काढायचा. न येणाऱ्याची पाळी सर्वांत शेवटी. यंदा आमचे हे तापानं निजलेले आणि भाताची रोपं पिवळी पडत चाललेली. तो दारात आला. "अक्का, माणूस? माणूस?"

मी दाराआडून म्हटलं, "मी येते."

पाटात सगळे पुरुष. टोपली घेऊन मी उभी, पाऊल उचलेना. तेव्हा त्यानं चक्क छत्री उघडली, माझ्यापुढे आडोशासारखी धरली आणि बाकीच्यांवर ओरडला, "गाळ खाली आहे! खाली बघा, खाली बघा!"

मी उतरले आणि घसरून चिखलात बसले. इतकं हसू आलं की थांबेचना. त्याच्या हातातली छत्रीही हसून गदगदत होती.

पाणी आलं. आमच्या शेतात अंगठा बुडवून त्यानं विचारलं, "पुरे? पुरे?"

मी भर बांधावरून ओरडले, "अजून! अजून!"