दादाची वर्दी आणि गुलाबी पुतळा

आमच्या युद्ध संग्रहालयात धूळ साचते आणि किस्सेही. धूळ मी रोज सकाळी झटकतो. किस्से डोक्यात राहतात, मग डोकं तापतं.

मी तिथला वॉचमन. जळगावातली इंग्रजांच्या वेळची दगडी कचेरी. आत गंजक्या तलवारी, एक तोफ आणि माझ्या दादाची वर्दी. गेल्या वर्षी दादा शांतिसेनेतून लढायला लंकेत गेला. घरी फक्त त्याची ट्रंक आली. संग्रहालयाच्या साहेबांनी वर्दी मागितली, आईने दिली.

वर्दी घालायला पुतळा पाहिजे. साहेबांनी रेडिमेडच्या दुकानातला जुना उचलून आणला! गुलाबी गाल, लाल ओठ, एक हात कमरेवर. दादा तर काळाकुट्ट. मी म्हणालो, "साहेब, हा माझा भाऊ नाही."

"अरे, लोक वर्दी बघतात. तोंड कोण बघतं?"

उद्घाटनाला पुढारी आले. पुतळ्याला हार घालून गरजले, "याच वीराने एकाहत्तरची लढाई जिंकली!" एकाहत्तरला दादा उघडाबंब शेळ्यांमागे पळत होता. टाळ्या पडल्या. मी माईकची वायरच उपटली!

मग चाळीसगावचं एक वऱ्हाड आलं. पुतळ्याशेजारी नवरदेवाचा फोटो! फोटोग्राफर मला म्हणतो, "भाऊ, ती टोपी द्या ना नवरदेवाला, पाच मिनिटं."

टोपी नाही दिली. कानाखाली दिली. साहेबांनी मला मेमो दिला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी आमच्याकडे घागर भरतात, त्याला जेवू घालतात. मी साहेबांना म्हणालो, "एक दिवस वर्दी घरी नेतो. आई घागर भरणार आहे."

"ती आता सरकारी वस्तू आहे."

"मग माझा भाऊपण सरकारी का?"

"हो," साहेब म्हणाले. फाइलमधून मान वर न काढता!

मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती घागर काढून घासायला बसली.

आखाजीच्या दुपारी आई धरणगावहून एसटीने आली. कडेवर घागर, हातात डबा. दोरी ओलांडून सरळ पुतळ्यासमोर बसली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, पत्रावळीवर पुरणपोळी वाढली, द्रोणात आमरस ओतला.

साहेब धावत आले. "अहो बाई, इथे खायला बंदी आहे!"

आईने पुतळ्याच्या गुलाबी गालावरची धूळ पदराने पुसली. मागे न बघता म्हणाली, "साहेब, बूट बाहेर काढा. पोरगा जेवतोय. मना पोऱ्या जेवी ऱ्हायना."