राबायचा कोट

मेश्रामकाकांची पहिली ओळख लिफ्टमध्ये झाली, आणि ती माझ्याशी नव्हे, माझ्या शर्टाशी झाली. कर्वेनगरच्या सोसायटीत मी नुकताच राहायला आलो होतो आणि हिंजवडीच्या कंपनीची बस गाठायच्या घाईत होतो. शेजारी उभ्या असलेल्या, साठी उलटलेल्या गृहस्थांनी "जरा पाहू का जी?" म्हणत माझी बाही चिमटीत धरली, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत माझा हात सोडला नाही. "आटेल," एवढंच म्हणून ते निघून गेले. शर्ट नवा होता, चांगल्या दुकानातला होता. पहिल्याच धुण्यात तो बोटभर आटला आणि मला राग आला तो काकांचा, दुकानाचा नाही.

यशवंत मेश्राम मूळचे नागपूरचे. वडील तिथल्या एका कापडगिरणीत मागावर होते. काका पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांची पुण्यात तीस वर्षं गेली, पण बोलण्यातला 'जी' काही गेला नाही. परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली तेव्हा त्यांच्या कारखान्यात जर्मन यंत्रं आली, आणि ती शिकायला काकांना सहा महिने जर्मनीला पाठवलं. बरोबरच्यांनी येताना घड्याळं आणली. काकांनी रविवारच्या जुन्या बाजारातून एक मळका पांढरा कोट आणला.

तो जर्मन फौजेचा कामाचा पोशाख होता. घोड्यांना खरारा करताना, बटाटे सोलताना, गाडीखाली शिरताना सैनिक घालायचे तो. ते लोक त्याला ड्रिलिश म्हणतात. "हात लावला आणि पायच हलेना जी," काका सांगायचे. "आमच्या बाबांच्या मागावरची वीण! माशाच्या काट्यासारखी. डोळे मिटून सांगतो." दुसऱ्या महायुद्धात वडिलांची गिरणी इंग्रजांच्या फौजेसाठी ड्रिल नावाचं जाड कापड विणायची. तीच वीण पलीकडच्या फौजेच्या अंगावर होती, हे वडिलांना कधी कळलंच नाही. जन्मभर त्यांनी ते कापड विणलं आणि घरात त्याची एक चिंधी नव्हती. फाटकावर रोज झडती व्हायची. मग गिरणीच बंद पडली. "कोसच्या कोस कापड विणलं असेल बाबांनी. अंगावर एकदा नाही चढवलं."

त्या एका कोटाचे पुढे आठ झाले, त्यात माझा हात आहे. मी इंटरनेटवर शोधून द्यायचो आणि आमच्या प्रोजेक्टमधले लोक जर्मनीहून येताना बॅगेत चॉकलेटांखाली एखादा कोट दाबून आणायचे. एकाला विमानतळावर विचारलं, हे काय? तो म्हणाला, आमच्या काकांचे जुने कपडे. अधिकाऱ्याने एक ठिगळ पाहिलं आणि दयेने सोडून दिलं. पहिला पांढरा सोडला तर बाकी सगळे हिरवे, कारण लढाई लागल्यावर पांढरा दुरून दिसतो म्हणून ते कापड रंगवायला लागले. काकांना ठिगळांचं फार कौतुक. "हे पाहा, हा टाका बाईमाणसाचा. आणि हा त्या सैनिकाचा स्वतःचा, बोट टोचून घेतलं असेल गड्यानं."

एकदा मी पुणेरी तिरकसपणाने म्हणालो, "काका, त्या फौजेने जे केलं ते माहीत असून तुम्ही तिचे कपडे जपता. कमाल आहे." ते चिडले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर चिन्ह-बिल्ला असलेला एकही घेतला नाही. हा राबायचा कोट आहे जी, लढायचा नाही." मग भिंग पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "पण घालणारा माणूस एकच असते ना. सकाळी बटाटे सोलले, संध्याकाळी काय केलं, मला काय माहीत? कोटाला विचारलं तर सांगत नाही." मला वाटतं ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही. त्यांनी ते मिळाल्याचं नाटकही केलं नाही.

त्या कोटांची बटणं मागून कडीने अडकवलेली असतात, धुताना काढता येतात. कडीचा गंज कापडाला लागू नये म्हणून पांढऱ्या कोटाची पाचही बटणं काकांनी काढून फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. ती डबी त्यांनी माझ्याकडे दिली. "माझ्याकडून हरवेल," म्हणाले. तेव्हा ते सत्तरीला आले होते आणि माझ्यामागे ह्यांचं काय, हा घोर त्यांना लागला होता. कोटांना चांगली जागा शोधायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी संग्रहालयांना इंग्रजीत पत्रं लिहीत असे. उत्तरं येत नसत, आणि आली तर फार सुंदर इंग्रजीत नकार येई.

शेवटी लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजातल्या बाई आल्या. त्या वस्त्रविद्या शिकवायच्या आणि विद्यार्थ्यांसाठी जुन्या कापडांची एक खोली मांडत होत्या. हिरव्या कोटांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पांढरा मात्र उजेडात धरून उभ्याच राहिल्या. "रंगवलेला नाही, म्हणून वीण स्वच्छ दिसते. हा देत असाल तर बाकीचेही ठेवून घेऊ." काकांनी एकच अट घातली, कोटाशेजारी वडिलांच्या नावाची चिठ्ठी हवी. बाई हो म्हणाल्या. ती चिठ्ठी काकांनी चार वेळा लिहिली. 'ही वीण नागपूरचे सीताराम मेश्राम मागावर विणत असत.' "हे कापड विणलं असं नाही लिहायचं जी, खोटं होईल. ही वीण विणत असत." पांढरा कोट धुऊन त्यांनी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. स्वतःचा पांढरा कुडता-पायजमा त्या दिवशी घालायला म्हणून इस्त्रीला टाकला. बाई शनिवारी येणार होत्या.

बुधवारी संध्याकाळी काका चहा पिता पिता खुर्चीतच गेले.

नागपूरहून त्यांची धाकटी बहीण, शकूताई, दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचायची होती. सकाळी मी दोन तासांत येतो म्हणून ऑफिसला गेलो. कसलं तरी सॉफ्टवेअर त्या दिवशी ग्राहकाला द्यायचं होतं. कसलं, ते आज आठवतही नाही. परतताना बस हिंजवडीच्या गर्दीत अडकली आणि शकूताईंचा फोन आला. "भाऊ, दादाची आंघोळ झाली. भंतेजी आले. त्याचे पांढरे कपडे कुठी आहेत जी?"

"कपाटात असतील, ताई. वरच्या कप्प्यात."

बस चांदणी चौकात आली तेव्हा वरच्या कप्प्यात काय आहे ते मला आठवलं. मी फोन लावत राहिलो. कोणी उचलला नाही. उतरून धावत सुटावं तर कुठे धावणार, आणि किती?

घरी पोहोचलो तर काका बुद्धाच्या तसबिरीसमोर निजवलेले होते. अंगावर तो कोट. बटणं नव्हती, म्हणून पुढून पाच ठिकाणी सेफ्टी पिना लावल्या होत्या. भंतेजी पंचशील म्हणत होते. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो? ताई, हा जर्मन फौजेचा आहे, काढा? शनिवारी कॉलेजात द्यायचा आहे? शकूताई त्यांची कॉलर सारखी करत होत्या. "कसा साजरा दिसते माझा भाऊ," त्या म्हणाल्या. मी खांदा द्यायला वाकलो.

शुक्रवारी इस्त्रीवाला काकांचा कुडता-पायजमा घेऊन दारात उभा राहिला. तो मी घेतला. शनिवारी बाई आल्या, त्यांना कळवायचं मला सुचलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण हिरवे घेऊन काय करू, वीण दिसत नाही त्यांच्यावर, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. आज सातही माझ्या माळ्यावर आहेत. चिठ्ठी आणि बटणांची डबी टेबलाच्या खणात आहे. काकांनी माझ्यावर एकच काम सोपवलं होतं आणि मी ते फोनवर, एका वाक्यात, घालवलं. असं कितीदा मनाला सांगून पाहिलं की अखेर त्या घरातल्या एका माणसाच्या अंगावर ते कापड चढलं. मन ऐकत नाही.

वर्षभराने शकूताईंचा फोन आला. त्यांनी घरी वंदना ठेवली होती, काकांची आठवण निघाली होती.

"भाऊ, एक विचारू का? दादाच्या कपाटात दुसरेही सदरे होते. पण त्या पांढऱ्याले हात लावला अन् मले रडूच आलं. आमच्या बाबाच्या मिलीचं कापड वाटलं जी, हुबेहूब. म्हणून तं तोच घातला त्याले. कुठून घेतला होता त्यानं?"

खण उघडा होता. डबी मी हातात घेतली होती.

"इथेच," मी म्हणालो. "पुण्यातच कुठेतरी घेतला असेल, ताई."