सूर्यानं रेडिओ बंद पाडला तेव्हा

माझी मावशी लीटिया बावीस वर्षं उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या वस्तीचा रेडिओ सांभाळत होती. माणसं शिकारीसाठी दिवसभराच्या वाटेवर, बर्फावर तळ ठोकून राहायची. मावशी रोज सकाळी आणि संध्याकाळी सहाला एकेका तळाला हाक मारायची. कोण आजारी आहे, कोणाचं रॉकेल संपलंय, सगळं विचारायची.

त्या मार्चमध्ये सूर्यावर मोठं वादळ झालं. इथे आकाशात उजेडाचे हिरवे-तांबडे पडदे हलत राहिले आणि रेडिओवर नुसती खरखर. पाचही तळ गप्प.

"माणसं पाठवू या का?" मावशीनं शोधपथकाच्या जोआनासीला विचारलं.

"मागच्या वर्षी असंच पाठवलंस," तो म्हणाला. "थंडीनं माझ्या पायाची दोन बोटं गेली, आणि तळावर सगळे मजेत चहा पीत बसलेले. सूर्याचं काम आहे गं हे. निवळेल."

मावशीनं माणसं पाठवली नाहीत. तीन दिवस ती ठरल्या वेळी हाका मारत राहिली.

"मावशी, कोणालाच ऐकू जात नाहीये," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी खरखर विरली. चार तळांनी उत्तर दिलं. पाचवा गप्पच होता, तिच्या थोरल्या दिरांचा, नुताराकांचा. ते एकटेच राहायचे.

"भावजी, ऐकताय का?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. जोआनासी न सांगताच उठला आणि बर्फगाडी घेऊन निघाला.

नुताराक पहिल्याच दिवशी बाहेर घसरून पडले होते आणि सरपटत तंबूत आले होते. नडगी मोडलेली, पाऊल गोठलेलं. जीव वाचला, पाऊल कापावं लागलं.

"मी तेव्हाच माणसं पाठवायला हवी होती, भावजी," मावशी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून म्हणाली.

"मग जोआनासीनं उरलेली आठ बोटंही गमावून माझ्या नावावर लावली असती." ते म्हणाले. "रेडिओ उशाशीच होता. आवाज येत नव्हता. पण सहा वाजले की वाटायचं, आता लीटिया माझं नाव घेत असेल. तेवढ्यापुरता जागा राहायचो."

मी पाहिलं तर मावशी बसल्या जागी झोपली होती.

त्या उन्हाळ्यात तिनं रेडिओ सोडला. लोकांनी कारण विचारलं. "दमले," एवढंच म्हणाली.