तळ गेला नव्हता

आमचे मामा माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पायाकडे बघतात. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात बूट दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे जगातलं काहीही बिघडलं की त्यांचा निकाल ठरलेला: "तळ गेला." रेडिओ खरखरला, तळ गेला. शेजारच्यांची सोयरीक मोडली, तिचाही तळ गेला. सगळी गल्ली त्यांना तळमामा म्हणते आणि ते खुशाल ओ देतात.

गिऱ्हाइकाला ते कधी काही विचारत नसत. बूट उलटा करायचा, अंगठा फिरवायचा, आरी उचलायची. "विचारायचं काय त्यात? तळ सांगतो की!" हा त्यांचा तोरा.

मामी लवकर गेली. एकुलत्या एका मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, मामांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. ताई पळायची, आणि झकास पळायची. शहराच्या संघात जायचं, हे एकच वेड. पळायला शिकवणाऱ्या बाईंच्या सल्ल्याने तिने मोज्यापेक्षा जरा जाड म्हणावेत असे बूट घेतले. टाचेला उंची नाही, तळ इतका पातळ की पायाखालचा खडासुद्धा कळावा. असे बूट घालून लगेच पळत सुटता येत नाही. आधी नुसतं चालायचं, मग थोडं थोडं पळायचं, पोटऱ्या ठणकल्या की थांबायचं. ताईने वर्षभर पाय तयार केले. मामांना मात्र बूट दाखवले नाहीत. "बाबा म्हणतील, हा बूट आहे की बुटाचं अस्तर?" असं मला सांगून ती खो खो हसली होती. दाखवले असते तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी ते बूट धुऊन दाराशी वाळत ठेवले होते. मामांनी उलटे केले, अंगठा फिरवला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बूटवाल्याची पोर झिजलेल्या बुटांत पळते, आणि बापाला सांगतसुद्धा नाही!" मग राग उतरला. बूट घेऊन ते दुकानात गेले. जाड रबर, टाचेला वर आणखी एक थर, कडेने दुहेरी शिवण. इतकं देखणं काम त्यांच्या हातून दुसरं झालं नसेल.

सकाळी बूट बघून ताईचा चेहरा उतरला. मामा हात पुसत दारात आले.

"कसे झालेत?"

"छान झालेत, बाबा."

जुने बूट तिने केव्हाच देऊन टाकले होते. मला तर दोघांचाही राग आला. अगं, भांड की! अनवाणी पळ! पण बापाचा तो खुललेला चेहरा उतरवणं तिच्याने झालं नाही.

मैदानाच्या वळणावर त्या उंचावलेल्या टाचेवरून तिचा पाय कलंडला आणि घोटा मोडला. बाईंनी धावत येऊन बूट काढला, उलटसुलट केला. "हे कुणी केलं? हे मुळातच पातळ तळाचे असतात!"

मामा शेजारीच उभे होते. ताई कळवळत म्हणाली, "मीच लावून घेतला."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली बसले आणि तिच्या दुसऱ्या पायातला बूट स्वतः काढला.

हाड जुळलं, पण वाकडं. पळणं संपलं. मामांनी ते रबर टाका टाका उसवलं आणि बूट पहिल्यासारखे पातळ केले. कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक. हल्ली दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात, "तळ मुद्दाम असा आहे का?" लोक हसतात. तळमामांचं वय झालं म्हणतात.

ताई आता जरा लंगडते, त्यामुळे तिच्या डाव्या बुटाची बाहेरची कड सारखी झिजते. कचेरीतून येताना ती दुकानाशी थांबते, बूट काढून त्यांच्यापुढे ठेवते आणि हसून म्हणते, "बाबा, तळ गेला."

मामा हसत नाहीत. त्या एका बुटाबद्दल ते काही विचारतही नाहीत.