मोजपट्टींचे दोन प्रोसेसर

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक राहतात. साधी छत्री घ्यायची तरी सगळी दुकानं पालथी घालतात, म्हणून आम्ही त्यांना मोजपट्टी म्हणतो. काकू गेल्यापासून त्यांच्याशी बोलायला घरात भिंतीच उरल्यात.

लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी मोबाइलवरून एका चर्चेच्या साइटवर दोन प्रोसेसरांच्या चाचण्यांचे आकडे टाकले आणि विचारलं, ‘यातला कोणता घेऊ?’ अनोळखी लोक नुसते तुटून पडले. पहिला वेगवान, पण तापतो. दुसरा जरा संथ, पण बॅटरी टिकते. भांडता भांडता कुणीतरी लिहिलं, ‘आजोबा, आधी जेवून घ्या.’

काल मी वर गेले, तर टेबलावर लॅपटॉप. घेऊन महिना झाला म्हणे.

“मग त्या लोकांना सांगा ना. बिचारे अजून डोकेफोड करतायत,” मी वैतागून म्हटलं.

“तिथे ‘उत्तर मिळालं’ असं बटण आहे,” ते म्हणाले. “ते दाबलं की चर्चा बंद होते.”

मग त्यांनी चष्मा पुसला आणि त्याच नव्या लॅपटॉपवर सावकाश टाइप केलं, ‘तापमानाचे आकडे पुन्हा बघितले. अजून ठरत नाहीये.’