इलाकाकूंची मधली सुट्टी

परदेशातल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी शाळेत इलाकाकूंना वर्ग देत नाहीत, कारण वर्ग मिळाला की त्या एकट्याच बोलतात. त्यांच्याकडे आहे मधली सुट्टी. दर रविवारी, भाड्याने घेतलेल्या जिममध्ये, गळ्यात शिट्टी अडकवून त्या पोरांना लंगडी खेळायला लावतात. प्रल्हादकाका घरी म्हणतात, "आमची ही बिनपगारी हवालदार." काकूंना ते मनातून आवडतं.

यंदाच्या हिवाळ्यात दुसऱ्या राज्यातल्या हर्नडनहून प्रीता इथे राहायला आली. नऊ वर्षांची, गोलमटोल, पळण्यात सगळ्यांच्या मागे. लंगडी घालणारा आधी तिलाच गाठायचा आणि तिच्या टीममधली मुलं सुस्कारे टाकायची. ते बघून काकूंचा जीव तुटायचा. एका रविवारी त्यांनी शिट्टी फुंकून जाहीर केलं, "आजपासून प्रीता कच्चा लिंबू. ती खेळेल, पण तिला कुणी आउट करायचं नाही." लहानपणी धाकट्या भावंडांसाठी सगळे हेच करत. केवढं मोठं काम केलं, अशा थाटात काकू त्या दिवशी घरी गेल्या.

पुढच्या रविवारी प्रीताचं पोट दुखलं. त्याच्या पुढच्याही. ती खेळायलाच येईना. तिची आई रेणू काकूंना बाजूला घेऊन म्हणाली, "शाळा सोडायची म्हणतेय. इथे एखादी तरी मैत्रीण मिळेल म्हणून आणत होते हो."

काकू रिकाम्या वर्गात प्रीताजवळ जाऊन बसल्या आणि चक्क गप्प बसल्या. बऱ्याच वेळाने प्रीता बाकाकडे बघत म्हणाली, "मला कोणी चेझच करत नाही, काकू. मी समोर उभी राहिले तरी. लाइक, मी तिथे नाहीच."

काकूंच्या लक्षात आलं. मायेच्या भरात त्यांनी पोरीला खेळातूनच उठवलं होतं.

"चुकलं माझं, बाळा," त्या म्हणाल्या. "तुला आधी विचारायला हवं होतं."

मोठी माणसं असंही म्हणतात, हे प्रीताला नवीन असावं. तिने मान वर केली. "मग तुम्ही सांगा ना सगळ्यांना, मी लिंबू नाही."

"सांगेन की. पण तू सांगितलंस तर जास्त बरं. मी शेजारी उभी राहते."

जिममध्ये प्रीताने ते सांगितलं, जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"बट यू विल बी आउट राइट अवे," लंगडी घालणारा शिव म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता, अनुभव होता.

"आय नो," प्रीता म्हणाली.

आणि तसंच झालं. काकूंचा हात शिट्टीकडे गेला, तो त्यांनी स्वेटरच्या खिशात कोंबला. प्रीता रेघेबाहेर जाऊन बसली. पाठोपाठ तिच्याच टीममधली अनिका आउट होऊन तिच्या शेजारी येऊन आदळली.

"शिव चीट करतो यार," अनिका धापा टाकत म्हणाली. "पाय टेकवला त्याने."

"टोटली. मी पण पाहिलं," प्रीता म्हणाली. मग दोघींनी डोकी जवळ आणून शिवची यथेच्छ निंदा केली. काकूंनी एरवी असली कुचाळकी तिथल्या तिथे थांबवली असती. आज त्या लांबून ऐकत राहिल्या. पुढच्या प्रत्येक डावातही प्रीता अशीच आउट होत राहिली.

न्यायला आलेल्या रेणूने विचारलं, "पोट कसं आहे ग?"

"मम्मा, मी आज कितीतरी वेळा आउट झाले," प्रीता म्हणाली, आणि आनंदाने तिचा चेहरा फुलून आला होता.