पंतांचे पाच वाढदिवस

किस्से म्हणजे एसीच्या फिल्टरमधली धूळ. रोज दिसत नाही, पण सहा महिन्यांनी जाळी काढून झटकली की शर्ट बदलावा लागतो! मी मस्कतमध्ये तीस वर्षं एसी दुरुस्त करतोय, म्हणजे दोन्हींचा साठा माझ्याकडे भरपूर. शाळा सातवीपर्यंत. पुढे मास्तरांनीच हात जोडले.

आमची गँग लहान. मी इसाक, रत्नागिरीचा. माझा मेहुणा रज्जाक, इथल्याच सीब भागात कंपनीची व्हॅन चालवतो. पुण्याचे पटवर्धन इंजिनिअर, म्हणजे आमचे पंत, आणि त्यांच्या सुधावहिनी. बसायचं ठिकाण एकच, मस्कतच्या बौशर भागातलं रोसनाबाईंचं मलेशियन हॉटेल. कुणाची पोरगी पास झाली, चला! व्हिसा रिन्यू झाला, चला!

मध्यंतरी दोन आठवडे माझ्या हातून एकही खोडी झाली नाही. ते शेवटी सांगतो.

*

रोसनाबाईंचा एक नियम आहे. ज्याचा वाढदिवस, त्याच्या डोक्यावर उंच काळी टोपी. मग सगळे वेटर डफ वाजवत येणार, गाणार, आणि नारळाच्या दुधातली साबुदाण्याची खीर फुकट! वर काळ्या गुळाचा पाक, मध्ये मेणबत्ती.

हे कळल्यावर मी गप्प बसणार? पहिल्याच दिवशी हात धुवायला म्हणून उठलो आणि काउंटरवर पंतांकडे बोट दाखवून आलो.

पंत म्हणजे हॉटेलात शिंकले तरी आजूबाजूला सॉरी म्हणणारा माणूस. डोक्यावर टोपी बसली तसे लालबुंद झाले.

"इसाकभाय, माझा वाढदिवस डिसेंबरात असतो!"

"मग हा ऍडव्हान्स समजा. फुंका!"

*

दोन महिन्यांनी परत डफ. रोसनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "याचा झाला ना मागे?"

मी म्हटलं, "बाई, हिंदू लोकांत वाढदिवस दोनदा असतो. एकदा तारखेनं, एकदा तिथीनं."

बाईंना पटलं. "हां, आमची ईदही चंद्रावरच असते."

तिसऱ्यांदा मी नक्षत्र काढलं. बाईंनी खीर दिली, पण पंतांना विचारलं, "सर, तुमचं नेमकं वय किती हो?"

*

आता रज्जाकचं ऐका. तिथे नारळाच्या दुधात शिजवलेला भात मिळतो, वर कुरकुरीत सुकी मासळी आणि बाजूला लाल मिरचीचा ठेचा. रज्जाक म्हणाला, "ह्यो तिखट? आमी कोकणातली मानसं!" आणि चमचाभर तोंडात टाकला.

डोळ्यांतून धारा! वेटर धावत आला. "सर, क्या हुआ?"

रज्जाक ऐटीत म्हणाला, "कुछ नहीं. माँ की याद आयी."

त्याची आई व्हिजिट व्हिसावर आली होती. समोरच बसून रोटी खात होती!

*

डिसेंबरात पंतांचा खराखुरा वाढदिवस आला. वहिनी नवी साडी नेसून आल्या, काउंटरवर स्वतः सांगून आल्या. अर्धा तास झाला. ना डफ, ना खीर.

पंतांनी रेसिडेंट कार्ड काढून जन्मतारीख दाखवली. रोसनाबाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि हात झटकले. "सर, तुमचे तीन झाले. या वर्षाचे खलास!"

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, मी लग्न माणसाशी केलंय की कॅलेंडरशी?"

*

आणि मग ते दोन आठवडे.

पंतांच्या ऑफिसात मी एसी उघडून शिडीवर उभा होतो. खालून पंत म्हणाले, "गळ्याला गाठ आलीय. तुकडा तपासायला दिलाय. रिपोर्ट गुरुवारी."

हातातला स्क्रू खाली पडला, तो अजून सापडला नाही.

माझ्या खोड्या बंद झाल्या. इतक्या, की रज्जाकनं विचारलं, "तुजी तब्येत बरी हाय ना?" गुरुवारी दुपारी पंतांचा फोन आला. "सहा वाजता रोसनाबाईंकडे या. फोनवर काही विचारू नका."

गेलो. पंत आणि वहिनी पुतळ्यासारखे बसलेले. मी म्हटलं, "पंत, काय म्हणाले डॉक्टर?"

"आधी जेवा."

रोटीचे तुकडे करत बसलो. वहिनी पदराशी चाळा करत होत्या. माझी मान वर होईना.

आणि आतून डफ वाजला!

मी ताडकन उठलो. "या अल्ला, आज नको! बंद करा! पंत, पोरांची शपथ, मी नाही सांगितलं. आज मी काउंटरकडे बघितलंसुद्धा नाही!"

वेटर गातच आले. रोसनाबाईंनी पंतांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खीर समोर ठेवली आणि माझा खांदा धरून मला खाली बसवलं. "तू गप. दुपारी यांनीच फोन केला."

मी पंतांकडे बघितलं. पंतांनी टोपी नीट केली, शिंकेचीही माफी मागणाऱ्या त्या माणसानं अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशी फुंकर मारली आणि म्हणाले,

"इसाकभाय, तारखेनं नाही, तिथीनं नाही, नक्षत्रानंही नाही. आजचा वाढदिवस रिपोर्टनं! टाळ्या वाजवा की!"